धरण की भ्रंश? एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भूकंपामागे भ्रंश असतो, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतली अशी मोड जिच्या दोन बाजू सरकू शकतात, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही लिहिलंत, "कोयनेचा भूकंप धरणाने केला हे पाटणचं शेंबडं पोरही सांगेल. भ्रंशाचं तुणतुणं वाजवून तुम्ही धरणवाल्यांना मोकळं सोडताय. आणि किल्लारीत कुठला भ्रंश होता? नकाशात दाखवा!"

धरणाला मी मोकळं सोडलेलं नाही. 1962 पासून कोयना धरणाच्या जलाशयात, शिवाजीसागरात, पाणी साठू लागलं, धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. हा संबंध जगभरातले भूकंपशास्त्रज्ञ मानतात. माझा प्रश्न त्यापुढचा आहे: पाण्याने नेमकं केलं काय? उजनीत कोयनेपेक्षा जास्त पाणी मावतं. तिथे नाही झालं असं काही. बरं, उजनीची भिंत बुटकी म्हणाल, तर भाक्रा 226 मीटर उंच आहे, कोयनेच्या दुपटीहून जास्त. तिथेही नाही.

भारतीय भूपट्ट उत्तरेला आशियावर रेटतोय आणि त्याचा ताण इथल्या खडकांतही मुरतो. कोयनेखाली साधारण उत्तर-दक्षिण, किंचित ईशान्येकडे कललेला भ्रंश आहे. त्याच्या दोन्ही बाजू प्रचंड दाबाने एकमेकींना चिकटून असतात, म्हणून सरकत नाहीत. फटींतून झिरपलेल्या पाण्याचा दाब खोलवर पोचला की ही पकड ढिली होते आणि साठलेला ताण मोकळा होतो. 1967 मध्ये दोन बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या. जमिनीवर भेगाही त्याच दिशेच्या पट्ट्यात पडल्या होत्या. थोडक्यात, चाप पाण्याने ओढला, पण बंदूक आधीच भरलेली होती. धक्के आजही धरणाच्या दक्षिणेला साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या टापूतच बसतात, जलाशयाभोवती सगळीकडे नाही. हे भ्रंशाशिवाय कसं समजावणार?

आता किल्लारी. तुमचा हा मुद्दा जास्त तगडा आहे, कारण नकाशात तिथे खरंच काही नव्हतं. पण नकाशात असतात ते सापडलेले भ्रंश. दख्खनवर बेसाल्टचे थर पसरले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यांच्याखालचे खडक, त्यांतल्या जुन्या मोडी, सगळं झाकलं गेलं. कोयनेजवळ गोठण्याला विंधन घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीत बेसाल्ट 338 मीटरच निघाला, पण झाकायला तेवढाही पुरतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात तिथल्या भ्रंशाची एक बाजू दुसरीवर चढली, जमीन उचलली गेली, तेव्हा कुठे भ्रंश दिसला. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून छोटे धक्के बसत होते. तरी तेव्हाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याचा होता!

शेवटी विचारलंत, घर भ्रंशापासून किती लांब बांधावं. खरं सांगू? आपल्याकडे त्या अंतरावर विसंबू नका. किल्लारीत माणसं गेली ती जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. मिस्त्रीला एवढंच विचारा, की खिडक्या-दारांवरचा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवलाय ना, आणि कोपऱ्यांत सळ्या वाकवून एकमेकींत अडकवल्यात ना.