जॉर्जियातलं घर विकलंत? आता निवांत राहा

अटलांटाजवळचं भाड्याचं घर अखेर खपलं, अभिनंदन! कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये पेढे वाटा आणि रिटर्नचा एप्रिल उजाडेपर्यंत कागदांकडे ढुंकूनही बघू नका.

क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, किमतीतले ३ टक्के कापून जॉर्जियाला पाठवले ना? मग कर भरून झाला! ती फक्त आगाऊ कपात आहे, खरा हिशोब तिथलं अनिवासी रिटर्न भरल्यावर होतो, असं सांगणारा माणूस सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, असतो आणि त्याला फी हवी असते. नफ्यापुरतीच कपात व्हावी म्हणून क्लोजिंगआधी प्रतिज्ञापत्र देता आलं असतं. पण तेव्हा तुम्ही एजंटशी कमिशनवरून भांडत होतात, तेही गरजेचंच होतं.

‘डेप्रिसिएशन (घराच्या झिजेची वजावट) घेतलंच नाही, म्हणजे त्यावर कर नाही’ हा शोध मंडळाच्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत लागतो. साडेसत्तावीस वर्षांच्या हिशोबानं जेवढं घेता आलं असतं तेवढं घेतलंच, असं आयआरएस, ही अमेरिकेची करयंत्रणा, धरून चालते आणि त्या भागावर २५ टक्क्यांपर्यंत कर लावते. वजावट सोडायची, कर मात्र भरायचा! एवढं वैराग्य वारकऱ्यांतही विरळा.

आता घर जॉर्जियात, नफा जॉर्जियात, मग कॅलिफोर्नियाचा काय संबंध? काही नाही हो, तुम्ही तिथे राहता एवढंच. रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर ते राज्य हक्क सांगतं. दीर्घ मुदतीच्या नफ्याला अमेरिकी केंद्र सरकारचा दर सवलतीचा. कॅलिफोर्निया त्याला पगाराच्याच पंगतीला बसवतं. (कोथरूडचा फ्लॅट विकणार असाल तर आणखी मजा: भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून तेवढी सूट, कॅलिफोर्निया देतच नाही.)

जॉर्जियाच्या कराचं मात्र देतं, शेड्यूल एस नावाचा फॉर्म भरून. त्याला जॉर्जियाच्या रिटर्नची प्रत जोडावी लागते, म्हणून कॅलिफोर्नियाचं रिटर्न आधी पाठवा, जॉर्जियाचं सवडीनं. क्रेडिटच्या रकान्यात तिथे बसलेला कर न लिहिता कापलेली रक्कम ठोकून द्या. पत्र येईल, तेव्हा बघू.

पुढचं घर ॲरिझोनातल्या फिनिक्सला घ्या. तिथे कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्रेडिट ॲरिझोनाच्या रिटर्नवर मागावं लागतं, घरच्या राज्याच्या नव्हे. म्हणजे क्रम पुरता उलटा. जॉर्जियाच्या वेळी काही शिकला असाल तर तेवढं विसरावं लागेल. नसाल शिकलात, तर तुमची तयारी झालेलीच आहे.