सामान इथे येऊन घ्या

दादा-वहिनीला विचारूनच लिहितेय, त्यांनी हो म्हटलं तेव्हाच पोस्ट करतेय, कारण आता ऑगस्ट आहे आणि कोणाकोणाच्या घरी हॉस्टेलच्या बॅगा भरणं चालू असेलच, त्यांच्या कामी येईल.

माझ्या भाचीला इथे इंदूरला ॲडमिशन मिळाली. जळगावची पोरगी, आजवर एकटी भुसावळच्या पुढे गेलेली नाही. खंडवा रोडला कॉलेज आणि तिथलंच हॉस्टेल. मी राजेंद्र नगरला, म्हणजे आत्याचं घर तसं जवळच, पण तिने हॉस्टेललाच राहायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि ते बरोबरच आहे. तर रात्रीच्या बसने बुऱ्हाणपूर खंडवा करत दादा, वहिनी आणि भाची सकाळी उतरले आणि सामान बघून मी गप्पच झाले. दोन मोठ्या बॅगा, एक ट्रंक, रोल करून प्लॅस्टिकमध्ये दाबून पॅक केलेली फोमची गादी, इंडक्शनचा खोका, किटली, पाणी तापवायचा रॉड, आणि चार डबे खाण्याचे, त्यात लाडू, चिवडा आणि बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. बिबड्या, आता मला सांगा, हॉस्टेलमध्ये भाजणार कशावर.

वहिनीने दोन महिने खपून गोळा केलं होतं हे सगळं. कुठल्यातरी रीलमध्ये लिस्ट बघितली होती, साठ वस्तूंची, तीवर टिक करत करत ऑनलाइन मागवत गेली. मी तिला नावं ठेवत नाहीये. लेक पहिल्यांदा घराबाहेर चाललीय तर आईला काहीतरी करत राहावंसं वाटतं, हात रिकामे राहिले की रडू येतं, हे मला कळतं. पण पुढे जे झालं ते टाळता आलं असतं म्हणून सांगतेय.

हॉस्टेलच्या गेटवर इंडक्शन, किटली आणि रॉड अडवले. नियमात बसत नाही म्हणाले. बरोबरच आहे, नियम हवाच, पण तो आदल्या दिवशी संध्याकाळी पीडीएफमध्ये आला होता आणि तेव्हा हे लोक बसमध्ये बसत होते. मग खोलीत गेलो. खाट लोखंडाची, रुंदी तीस इंच. गादी छत्तीसची. खाटेच्या दोन्ही बाजूला अँगल वर आलेला, त्यामुळे गादी मधे खोल आणि कडेला उभी, त्यात माणूस झोपला तर पाळण्यात झोपल्यासारखा. आणि असली दाबून पॅक केलेली गादी एकदा उघडली की फुगते, परत काही त्या प्लॅस्टिकमध्ये जात नाही. वहिनी त्या खाटेवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. दादा म्हणाला, माप कोणी सांगितलं असतं तर. खरंच, कोणी सांगितलं असतं तर! ॲडमिशनच्या पत्रात फीच्या तारखा ठळक छापता ना, त्याच्याच खाली चार ओळी लिहा की खाट इतक्या बाय इतकी, प्लगपॉइंट इतके, कपाटाला कुलूप कुठलं लागतं, काय चालत नाही. चार ओळी. शेकडो आईबापांचे पैसे वाचतील.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कागदपत्रं, कपडे, औषधं आणि एक पांघरूण घेऊन या, बाकी सामान इथे येऊन, खोली बघून, पोरांना बरोबर घेऊन घ्या. इथे म्हणजे इंदूरच असं नाही, ज्या गावात पोरगं राहणार त्या गावात. पोरांना बरोबर घेऊन हे सगळ्यात महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. दादाला म्हटलं तू घरी आराम कर, त्याला ते पटलं नाही, परक्या गावात पोरीला बाजारात कशाला फिरवतेस, आपणच जाऊन घेऊन येऊ म्हणाला. मी म्हटलं अरे चार वर्षं राहायचंय तिला या परक्या गावात, बाजार नको दाखवू तर काय दाखवू. शेवटी मी, वहिनी आणि भाची, तिघी सिटी बसने निघालो. मुद्दाम बसने, कार असूनसुद्धा, आणि तिकीट तिलाच काढायला लावलं.

आधी बर्तन बाजार. राजवाड्याजवळचा हा भाग ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगते, दुकानाला दुकान लागून, स्टील पितळ तांबं, पुष्कळ भांडी आजही वजनावर मिळतात. दुकानदाराने आम्हा तिघींना बघितलं आणि लगेच विचारलं, "शादी की खरीदी है क्या माताजी?" मी तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, "नहीं भिया, हॉस्टल की." भिया, म्हणजे इंदुरी भैया! एका दिवसात भिया शिकली पोरगी. दुकानदार हसला आणि त्याने पुढे केलेला डिनर सेट स्वतःच मागे ठेवला.

ताट, दोन वाट्या, पेला, चमचा आणि एक कडीचा डबा, एवढंच घेतलं. ताट तिने स्वतः निवडलं, कडेला बोट फिरवून बघत होती कुठे कापतं का, हे तिला कोणी शिकवलं मला माहीत नाही. मग नाव घालायला. दुकानाबाहेर स्टुलावर एक म्हातारबाबा बसलेले, हातात ते विजेचं पेन, घर्रर्र आवाज करत स्टीलवर अक्षरं उमटत जातात, बारीक बारीक टिंबांची. "क्या नाम डालूं?" वहिनी म्हणाली यांचं नाव घाला, म्हणजे दादाचं, आडनावासकट, भांडं हरवत नाही. आमच्याकडे तशीच रीत आहे, माझ्या घरातल्या तांब्यावर सासऱ्यांचं नाव आहे, डब्यांवर नवऱ्याचं, आणि माहेरून आलेल्या परातीवर वडिलांचं आणि माझ्या लग्नाची तारीख. माझं नुसतं माझं नाव असलेलं एकही भांडं माझ्या घरात नाही, हे मला त्या स्टुलापुढे उभं राहून बासष्टाव्या वर्षी लक्षात आलं. भाचीने बाबांकडून कागद घेतला, त्यावर आपलं नाव मराठीत लिहून दिलं, नुसतं नाव, आणि खाली 2025. बाबांनी चष्मा वर करून एकदा तिच्याकडे बघितलं आणि पेन चालू केलं. वहिनी काही बोलली नाही, पण ताट घेतल्यावर पदराने पुसलं आणि दोनदा वाचलं.

गादीचं सांगते. फोमची माझ्याकडे ठेवली आणि आमच्या मोहल्ल्यातल्या गादीवाल्याकडे गेलो. खाटेचं माप मी खोलीतच टेपने घेतलं होतं, आतून आतून, अँगल सोडून. पाच किलो रुई, वर जाड पट्ट्यांचं कापड, पुढ्यात बसून भरली त्याने आणि दाभणाने टाके घातले. आता कोणी म्हणेल पावसाळ्यात रुईची गादी ओल धरते, हो धरते, ऊन पडलं की गच्चीवर टाकावी लागते आणि पहिले काही महिने गादी दबते. पण चार वर्षांनी तीच रुई परत पिंजून नवी गादी होते. फोमची बसली की बसली. आणि मालव्यात कापसाची गादी नाही घेणार तर कुठे घेणार, ज्या गावात हुकुमचंद मिल होती, 1991 मध्ये बंद पडेपर्यंत निम्म्या गावाचं पोट कापसावर होतं, त्या गावात. चादरी एमटी क्लॉथ मार्केटमधून घेतल्या, दोन, सुती, गडद रंगाच्या. पांढरी चादर हॉस्टेलला देऊ नका, ती बिचारी धुणार कधी आणि वाळवणार कुठे.

आता विजेचं, हे जरा नीट वाचा, माझी उभी नोकरी एमपीईबीच्या, म्हणजे इथल्या वीज मंडळाच्या बिलिंगमध्ये गेली आहे, वॅट आणि युनिट मला झोपेत विचारा. खोलीतला साधा छोटा पॉइंट असतो 6 अँपिअरचा. आपल्याकडे 230 व्होल्ट, म्हणजे 6 गुणिले 230, एक हजार तीनशे ऐंशी वॅट, त्याच्यावर लोड गेला की वायर तापणार. किटली किंवा रॉड बहुतेक 1500 वॅटचा. म्हणजे एकटी किटलीच त्या पॉइंटच्या वर गेली. म्हणूनच काही उपकरणांना जाड पिनांचा 16 अँपिअरचा प्लग देतात, तो छोट्या पॉइंटमध्ये जाऊच नये म्हणून. आणि पोरं काय करतात, बाजारातून कन्व्हर्टर आणतात, जाड पिन त्यात, तो बारीक पिनांचा करून भिंतीत, वर स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर मोबाईल लॅपटॉप पण त्यालाच. त्या बोर्डाची वायर आत केसासारखी असते. तापते, वरचं प्लॅस्टिक मऊ पडतं, वास येतो, आणि वास आला तरी पोरं खिडकी उघडतात, प्लग काढत नाहीत. रॉडचं तर विचारूच नका, बादलीत हात घालून पाणी तापलं का बघणारे मी स्वतः बघितलेत. लपवून रॉड देणाऱ्या आयांना हात जोडून सांगते, नका देऊ. गरम पाणी नाही मिळालं तर पोरं चार दिवस कुरकुरतील, बस.

आम्ही जेल रोडवरून एक स्पाइक गार्ड, म्हणजे चांगल्यातला एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, आयएसआय मार्क बघून, स्विच आणि फ्यूजवाला, वायर जाड. लॅपटॉपचा चार्जर 65 वॅट, मोबाईलचा वीसतीस, टेबल लॅम्प नऊ, सगळं मिळून दीडशेच्या आत. एवढंच लागतं विद्यार्थ्याला. दुकानदाराने दोन दाखवले, एक बराच स्वस्त, भाचीने दोन्हींची वायर चिमटीत धरून बघितली आणि महागडा घेतला. दिवसभरातली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

बाकी किरकोळ. बादली, मग, दोरी, चिमटे, मच्छरदाणी, कपाटाचं कुलूप. झोला घरून, प्लॅस्टिकची पिशवी इथे मागू नका. आणि एक, बाहेरगावच्या मुलींसाठी, इंदूरला कचऱ्याच्या गाडीत वेगवेगळे सहा कप्पे असतात, ओला, सुका, प्लॅस्टिक, ई-कचरा, घरातला धोकादायक कचरा आणि सॅनिटरी वेगळा, तेव्हा खोलीत दोन छोटे डबे लागतीलच आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे टाकायचे. हे वहिनीने तिला सांगायला हवं होतं पण ती लाजली, मी सांगितलं. 2017 पासून हे गाव स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं ते सगळं काही झाडूवाल्यांच्या जोरावर नाही, घराघरातून कचरा वेगळा जातो म्हणून.

पुस्तकं अजिबात आधी घेऊ नका. खजूरी बाजारात जुनी मिळतात, शिवाय सीनियर्स देतात. सीनियर्सकडे बादल्या, टेबल लॅम्प, सायकली, सगळं असतं, शेवटच्या वर्षाची पोरं मे-जूनमध्ये जाताना निम्म्या किमतीत देऊन जातात, त्यामुळे जे महिनाभर थांबू शकतं ते थांबू द्या.

पैशाचं पण बोलते. दादाने खरेदीचे पैसे मला द्यायला काढले, मी म्हटलं तिच्या खात्यात टाक. सगळीकडे तिनेच स्कॅन करून पैसे दिले आणि संध्याकाळी वहीत हिशोब लिहिला, बसच्या तिकिटापासून. ज्या पोरीला अठराव्या वर्षी मत देता येतं तिला बादलीचा भाव करता यायला नको? आपण सगळं आणून, लावून, चादर घालून निघून येतो आणि मग महिन्याभरात फोन येतो की आई साबण संपला, कुठे मिळतो? असे फोन मी माझ्याच मुलाचे पुण्याहून घेतलेत, तेव्हा मी पण वहिनीसारखीच ट्रंक भरून दिली होती. त्याने पहिलं पूर्ण वर्ष पुण्यात हॉस्टेल आणि कॉलेज सोडून काही बघितलं नाही. त्याला लागलंच नाही ना काही.

परवा रविवारी भाचीचा फोन. कुलुपाच्या तीन चाव्यांपैकी एक फिरत नव्हती. तिने मला म्हणायला हवं होतं की आत्या चल ना बरोबर, मी जायला तयार पण होते, पण ती एकटीच भंवरकुआंहून बस पकडून राजवाड्याला गेली, दुकान शोधलं, "भिया ये चाबी नहीं लग रही" म्हणाली, त्याने आधी का कू केलं, हिने तिथेच त्याच्यासमोर फिरवून दाखवली, आणि नवीन कुलूप घेऊनच निघाली. मग तिथेच जवळ भुट्ट्याचा कीस खाल्ला, रूममेटसाठी बांधून घेतला आणि अंधार पडायच्या आत परत. हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा स्पीकरवर मागे बसचा आवाज येत होता. मी लगेच दादाला फोन लावला. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तिन्ही चाव्या लागतात ना आता?

ती फोमची गादी माझ्या माळ्यावर पडून आहे, 72 बाय 36, एकदाही कोणी झोपलेलं नाही. इंदूरला कोणाच्या मुलाची खाट छत्तीसची असेल तर मेसेज करा, आधी खाट आतून मोजा आणि मग न्यायला या, पैसे नकोत. इंडक्शन दादा परत घेऊन गेला. बिबड्या मी भाजून डब्यात भरून दिल्या, त्या हॉस्टेलमध्ये दोन दिवसात संपल्या.