चॅट्सवर्थची सोयरीक

भारतातून पाहुणे आले की त्यांना चॅट्सवर्थ हा जुना सरदारी वाडा दाखवायचा, हे आमच्या इंग्लंडातल्या शेफिल्डमधल्या प्रत्येक मराठी घराला बहुतेक व्हिसाच्या अटीतच लिहून दिलेलं असतं. जवळ आहे, भव्य आहे, फोटो छान येतात, आणि पाहुणे गावी जाऊन "राजवाडा बघितला" असं सांगू शकतात. एरवी पाहुणे सरळ असतात, झुंबर बघतात, छताकडे मान वर करून "बापरे" म्हणतात, चहा कुठे मिळेल विचारतात. पण यावेळी आली माझी आत्या, सोबत आतोबा.

आत्या रावेरची. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या सगळ्या पट्ट्यातल्या सोयरिकी तिला तोंडपाठ, लग्नपत्रिकेवरचं मामाचं नाव वाचून ती मुलाच्या आजोळी जमीन किती आणि भाऊबंदकी किती हे सांगते. अशा बाईला चॅट्सवर्थमध्ये नेणं म्हणजे काय ते मला गाडीतच कळायला हवं होतं, कारण तिचा पहिला प्रश्न घर केवढं आहे हा नव्हताच. "कोणाचं आहे?" म्हटलं ड्यूक ऑफ डेव्हनशरचं. "आडनाव?" कॅव्हेंडिश. "मग हे डेव्हनशर त्यांचं गाव का?" नाही गं, त्यांचं गाव हे, डार्बीशर, डेव्हनशर तिकडे खाली समुद्राकडे, त्याच्याशी यांचा काही संबंध नाही, नुसती पदवी आहे, यांच्या पूर्वजाने १६१८ साली राजाला पैसे मोजून अर्ल ही पदवी घेतली आणि मग १६९४ ला नातवाच्या मुलाच्या वेळी त्याचं ड्यूक झालं. "म्हणजे पाटीलकी विकत घेतली," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर मेंढ्या बघायला लागली.

आत गेल्यावर मला चित्रं बघायची होती. खरंच. वरच्या मजल्यावर एका दालनात आतल्या दरवाजावर एक व्हायोलिन रंगवलंय, खुंटीला टांगलेलं, सावलीसकट, तीनशे वर्षांपूर्वीचं काम आहे आणि लांबून बघितलं तर शपथ घेऊन सांगाल की ते खरंच टांगलंय. पंधरा वर्षं इथे राहून मला ते निवांत उभं राहून बघता आलेलं नाही, कारण प्रत्येक वेळी सोबत कोणीतरी असतं. यावेळी तर आत्याच्या हातात गाइडबुक, त्यात वंशावळ, आणि तिचं बोट सारखं वंशावळीवर. "हे सगळे विल्यमच कसे?" खरंय, पहिले सातही ड्यूक विल्यम, ओळीने. आजोबाचं नाव नातवाला हे समजू शकते म्हणाली, पण इथे आजोबा, बाप, मुलगा सगळ्यांचं एकच म्हटल्यावर घरात हाक मारली तर येणार कोण? त्यावर मी सांगायला गेलो की थोरल्या मुलाला बाप जिवंत असेपर्यंत मार्क्वेस ऑफ हार्टिंग्टन म्हणतात आणि त्याच्या मुलाला अर्ल ऑफ बर्लिंग्टन, त्यामुळे घोळ होत नाही. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच गप्प झालो.

मुळापासून सांग म्हणाली. आता मूळ म्हणजे बेस ऑफ हार्डविक. सोळाव्या शतकातली बाई, साध्या जमीनदाराची पोर, चार लग्नं केली, चारही नवरे गेले आणि प्रत्येक वेळी ही आधीपेक्षा श्रीमंत झाली, शेवटी राणीच्या खालोखाल इंग्लंडमधली सगळ्यात पैसेवाली बाई म्हणून गेली ती १६०८ साली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश, हा मूळचा सफोकचा, पण बाईने त्याला इकडे आपल्या माहेराजवळ आणलं आणि १५४९ ला सहाशे पौंडांत हे चॅट्सवर्थ घ्यायला लावलं. आत्या खूश. "शहाणी होती." मुलं सगळी याच नवऱ्याची. मग तिसरा, मग चौथा, तो अर्ल ऑफ श्रूजबरी, बिजवर, त्याचीही आधीची मुलं होती. मग लग्न ठरवताना बाईने काय केलं, तर १५६८ ला आपली बारा वर्षांची मुलगी त्याच्या मुलाला दिली आणि त्याची आठेक वर्षांची मुलगी आपल्या मुलाला करून घेतली.

"साटंलोटं!" आत्या एवढ्या जोरात म्हणाली की कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाइडबाई दचकल्या. त्यांना वाटलं काहीतरी फुटलं. मग आत्याला हिशोब करायचा होता, म्हणजे त्या श्रूजबरीच्या पोराची सावत्र आई तीच त्याची सासू, आणि नवऱ्याची मुलगी तीच हिची सून. बरोबर. "मग भांडणं झाली असतील." प्रचंड झाली. नवरा-बायको शेवटी वेगळे राहायला लागले, त्यात मधली पंधरा वर्षं स्कॉटलंडची राणी मेरी यांच्याच घरात कैदेत होती, म्हणजे राणी एलिझाबेथने हिला सांभाळा म्हणून श्रूजबरीच्या गळ्यात बांधलेली, तिचा खर्च वेगळा, वर नवऱ्याचं आणि तिचं काहीतरी आहे अशी कुजबुज वेगळी. आत्याने विचारलं बेस आणि ती कैदी राणी बोलायच्या का. म्हटलं सुरुवातीला दोघी मिळून भरतकाम करायच्या. "करणारच. नजर ठेवायला बरं पडतं."

या सगळ्यात आतोबा एक अक्षर बोलले नव्हते. ते मागे हात बांधून चालत होते.

पाचव्या ड्यूकच्या दालनात मी पटकन पुढे सरकायचा प्रयत्न केला, पण तिथे त्याच्या बायकोची, जॉर्जियानाची तसबीर, आणि आत्याने डायनाचं नाव कुठेतरी ऐकलेलं. हो, म्हटलं, ही जॉर्जियाना स्पेन्सर, डायनाच्या खापरपणजोबांची आत्या. एवढं एक नातं मी न अडखळता सांगितलं याचा मला अभिमान आहे. १७७४ साली सतराव्या वाढदिवशीच हिचं लग्न लावून दिलं. पुढचं सांगताना मी आवाज खाली आणला, का कोण जाणे, आजूबाजूला मराठी कोणालाच कळत नव्हतं. तिची मैत्रीण लेडी एलिझाबेथ फॉस्टर पाहुणी म्हणून आली ती कायमची राहिली, ड्यूकची दोन मुलं तिला झाली, जॉर्जियानाला पण बाहेरची एक मुलगी झाली, तिचा बाप पुढे पंतप्रधान झाला, आणि जॉर्जियाना वारल्यावर तीन वर्षांनी ड्यूकने त्या मैत्रिणीशी रीतसर लग्न केलं. जॉर्जियानाच्या बहिणीचा मित्र होता, म्हणजे मित्र म्हणजे मित्रच नाही, त्याने शेवटी जॉर्जियानाच्या मुलीशी लग्न केलं. आत्या बाकावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे मावशीचा तो, आणि भाचीचा नवरा." हो. "आणि यांना आपल्याकडे साहेब म्हणायचे."

मला वाटलं आता थकली. कसली थकते. विसाव्या शतकात तर तिला गती आली, कारण इथे केनेडी आला. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा बिली, त्याने मे १९४४ मध्ये जॉन केनेडीच्या बहिणीशी, कॅथलीनशी लग्न केलं, ती कॅथलिक, हे प्रोटेस्टंट, दोन्हीकडचे नाराज, आणि चार महिन्यांत बिली बेल्जियममध्ये लढाईत गेला. चार वर्षांनी ती विमान अपघातात गेली. इथल्याच एडन्सॉर गावात तिची कबर आहे, १९६३ च्या जूनमध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना तिथे येऊन गेले. यावर आत्या काही बोलली नाही, हात जोडले.

मग धाकटा अँड्र्यू वारस झाला. त्याची बायको डेबोरा, सहा मिटफर्ड बहिणींमधली शेंडेफळ, एक बहीण कम्युनिस्ट, एक हिटलरच्या बैठकीतली, असा सगळा प्रकार. आणि अँड्र्यूची सख्खी आत्या डोरोथी, ती दिली होती हॅरॉल्ड मॅकमिलनला.

"कोण हा?"

पंतप्रधान. इंग्लंडचा. आत्या थांबली. म्हणजे अँड्र्यूचे आतोबा पंतप्रधान? हो. आणि त्याच वेळी तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण, तर अँड्र्यूच्या वारलेल्या वहिनीचा भाऊ. हो. आणि मग आतोबांनी भाच्यासाठी काय केलं? म्हटलं १९६० ला मंत्री केलं, आणि अँड्र्यू स्वतःच पुढे मोकळेपणाने म्हणायचा की ही सरळसरळ वशिलेबाजी होती.

आत्या सावकाश वळली. आतोबा एका संगमरवरी सिंहासमोर उभे होते. "ऐकलं का? आणि तुम्हाला याला साध्या साखर कारखान्यात चिकटवता आलं नाही." माझ्या त्या नोकरीची गोष्ट २००३ ची आहे. आतोबा सिंहाकडेच बघत राहिले, मी पण सिंहाकडेच बघितलं.

बाहेर बागेत तांब्याचं एक झाड आहे, मूळ १६९२ चं, दिसतं खरं आणि फांद्याफांद्यांतून अचानक पाणी उडतं. आत्या भिजली. मला थोडं बरं वाटलं.

आतोबा जागे झाले ते केळ्यामुळे. उपाहारगृहात टोपलीत केळी होती, त्यांनी एक उचललं, देठ बघितला, टोक बघितलं, म्हणाले जी नाईन. मी सहज म्हटलं, आतोबा, तुमच्या शेतातल्या केळ्याचं मूळ इथलं आहे. सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन, त्याने मॉरिशसकडून आलेलं रोप इथल्या काचघरात वाढवलं, १८३५ ला त्याला केळफूल आलं, केळ्यांना बक्षीस मिळालं आणि मालकाच्या आडनावावरून नाव पडलं कॅव्हेंडिश. तुमची जुनी बसराई काय, आताची जी नाईन काय, सगळी कॅव्हेंडिशच. आतोबांनी केळं खाली ठेवलं. मग एकदम बोलायला लागले. इथे एवढ्या थंडीत घड किती किलोचा पडला असेल, काचघर तापवायला कोळसा किती लागला, करपा यायचा का, त्या माळ्याने पिलबाग ठेवली होती का, मृगबाग आणि कांदेबाग यातला फरक मला कळतो का. चहा गार झाला. आत्या म्हणाली, यांना घरात कोणी विचारत नाही ना.

परतीच्या वाटेवर तिने शेवटचा विषय काढला, हे अजून यांच्याच मालकीचं आहे का. नाही म्हटलं, ट्रस्टचं आहे, कुटुंब भाडं भरून राहतं. कारण दहाव्या ड्यूकने इस्टेट मुलाच्या नावावर केली होती, पण तेव्हाच्या कायद्याने त्यानंतर पाच वर्षं जगायला हवं होतं आणि तो तीन-चार महिने बाकी असताना, १९५० च्या नोव्हेंबरात गेला, मग ऐंशी टक्के कर.

"बक्षीसपत्र उशिरा केलं," आत्या म्हणाली. हा विषय तिच्या हक्काचा. "मग भरलं कशातून?"

जमिनी विकल्या, चित्रं दिली, आणि हार्डविक हॉल दिला. म्हणजे त्या बेस बाईचं माहेरगाव, तिथे तिने म्हातारपणी नवीन वाडा बांधला आणि आपण भांड्यांवर नाव घालतो तशी स्वतःच्या नावाची अक्षरं दगडात कोरून थेट छतावरच्या मनोऱ्यांवर चढवली, लांबून रस्त्यावरून दिसतात.

"बाईचं माहेर देऊन टाकलं आणि पोरांनी आपलं घर वाचवलं," आत्या म्हणाली. "किती लांब आहे ते?"

अर्ध्या तासाचं अंतर आहे हे मी सांगितलं नाही, पण गाडीतल्या नकाशाने सांगितलं. रविवारी जायचं ठरलंय. तिकीट वेगळं पडतं. आतोबांनी विचारलंय तिकडे केळी आहेत का, नसतील तर ते गाडीत बसतील म्हणाले, आणि मी पण त्यांच्याबरोबर बसेन असं मी सांगून ठेवलंय, पण ते आत्याला मान्य नाहीये, वंशावळ वाचायला तिला मी लागतो.