बोल्ट अडीच मिनिटांत मैल धावेल? नाही!

'उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, म्हणजे मैल तो २ मिनिटे ३४ सेकंदांत संपवेल. विश्वविक्रम तर ३ मिनिटे ४३.१३ सेकंदांचा!' हा मेसेज सध्या फिरतोय. गुणाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पुरावा बोल्टचाच घ्या. ४०० मीटरमधली त्याची सर्वोत्तम वेळ ४५.२८ सेकंद. ९.५८ चा वेग टिकला असता तर ३८.३ सेकंद लागायला हवे होते. म्हणजे एकाच फेरीत सात सेकंद गेले, आणि मैल म्हणजे अशा चार फेऱ्या, वर आणखी नऊ मीटर!

खरं तर ९.५८ सेकंदांच्या बर्लिनमधल्या त्या शर्यतीतही शेवटच्या वीस मीटरांत त्याचा वेग थोडा उतरला होता. स्नायूंतला तयार इंधनसाठा काही सेकंदांतच आटतो. पुढे पाय शिशासारखे जड होतात, गुडघे वर उचलत नाहीत. मग सगळी भिस्त ऑक्सिजनवर.

मोरोक्कोच्या हिशाम अल गेरुजने १९९९ साली रोममध्ये मैलाचा हा विक्रम केला, तेव्हा दर १०० मीटरला त्याला सरासरी १३.९ सेकंद लागले. पहिल्या वळणावर बोल्ट त्याला सहज मागे टाकेल. पण मैलाच्या अखेरीस तो कितीतरी मागे असेल. कृपया मेसेज पुढे पाठवू नका.