‘कोलोनोस्कोपी बेकार’ वाला मेसेज आणि आमचे काका

परवापासून एकच मेसेज फिरतोय, आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर, मग रामबागेतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर, मग मावशीकडून पर्सनलवर. "युरोपात ८४ हजार लोकांवर रिसर्च झाला, कोलोनोस्कोपीने जीव वाचत नाही, उलट आतडं फाटतं, बायोप्सीने कॅन्सर पसरतो, डॉक्टर फक्त लुटतात." काकांनी तेवढ्यावरून पुढच्या आठवड्याची कोलोनोस्कोपीची (शौचाच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात ती तपासणी) अपॉइंटमेंट कॅन्सल केली म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

तर रिसर्च खोटा नाहीये बरं का. नॉर्डिक ट्रायल, ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधले ५५ ते ६४ वयाचे ८४,५८५ लोक, त्यातल्या २८,२२० जणांना तपासणीला या म्हणून बोलावलं, बाकीच्यांना नाही, आणि दहा वर्षं हिशेब ठेवला. बोलावलेल्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर १८ टक्के कमी निघाला, पण त्याने मरण्याचं प्रमाण ०.२८ टक्के विरुद्ध ०.३१, म्हणजे फरक आहे असं छातीठोक म्हणता येणार नाही. मेसेजवाल्याने वाचणं इथेच थांबवलं. अहो पण बोलावलेल्यांपैकी आले फक्त ४२ टक्के! जे आलेच नाहीत तेही त्याच गटात मोजले. गणपतीत शंभर घरांना महाप्रसादाला बोलवा, बेचाळीस येऊ देत, आणि मग शंभर घरी जाऊन पोट भरलं का विचारा, स्वयंपाक वाईटच ठरणार. ट्रायलवाल्यांचं चुकलं नाही, नुसतं बोलावणं पाठवून काय होतं तेच त्यांना बघायचं होतं. सगळे आले असते तर काय झालं असतं याचा हिशेब त्याच पेपरात आहे, तिथे मृत्यू निम्म्यावर येतात, ०.१५ विरुद्ध ०.३०. आता हा निम्मावाला आकडापण डोळे मिटून घेऊ नका, बोलावल्यावर येणारी माणसं मुळातच तब्येत सांभाळणारी असतात, तो फरक गणिताने पूर्ण पुसता येत नाही. आणि पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायलाच दहा-बारा वर्षं जातात, त्या मानाने दहा वर्षांचा हिशेब अपुराच.

आतडं फाटतं? फाटू शकतं, क्वचित. याच ट्रायलमध्ये ११,८४३ जणांची तपासणी झाली, एकाचंही फाटलं नाही, पॉलिप काढल्यावर जास्त रक्त गेलं अशा १५ केसेस.

बायोप्सीचं, म्हणजे तपासायला छोटा तुकडा काढण्याचं, थोडं समजून घ्या. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बाहेरून सुई घातली तर सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या थोड्या केसेस खरंच आहेत, म्हणून तिथे बऱ्याचदा नुसत्या सीटी-एमआरआयवर निदान करतात. भीती तिथून आली असावी. कोलोनोस्कोपीत चिमट्याने आतल्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतात, ती गोष्ट वेगळी. आणि पॉलिप काढल्याने कॅन्सर पसरत असता तर अमेरिकेच्या नॅशनल पॉलिप स्टडीत उलटं दिसलं असतं ना, तिथे पॉलिप काढलेल्या २,६०२ जणांत या कॅन्सरने १२ मृत्यू झाले, एरवी २५ अपेक्षित होते.

"डॉक्टर लुटतात" वर मी भांडणार नाही, कशासाठी करताय हे विचारायलाच हवं. आपल्याकडे हा कॅन्सर युरोपपेक्षा कमी आहे, सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख आहे, आतडं नाही, तेव्हा धडधाकट माणसाने उगाच रांग लावायची गरज नाही.

पण काका धडधाकट कुठेत? ट्रायल तक्रार नसलेल्यांवर होती, काकांना तीन महिन्यांपासून शौचावाटे रक्त जातंय, हिमोग्लोबिन खाली आलंय आणि घरात सगळे ‘मूळव्याध असेल’ म्हणून इसबगोल देतायत. त्यांच्यासाठी हा स्क्रीनिंगचा, म्हणजे तक्रार नसताना करायच्या तपासणीचा, प्रश्नच नाही, रक्त कुठून येतंय हे बघायचंय.

काल फोनवर हे सगळं सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण आदल्या दिवशी पोहे-सेव बंद आणि वर ते दोन लिटर औषधाचं पाणी प्यायचं, ते कोण पिणार?"