जागा सगळ्यांना, दर मात्र वेगळा

महाराष्ट्रात प्रवेशाचा हंगाम आला की वाद जागांचा. अधिवास कुणाचा, दहावी-बारावी कुठून झाली, उमेदवार 'टाइप ए' (दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच) की 'टाइप बी' (शिक्षण बाहेर, पण अधिवास इथला)? २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं अधिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसचा ८५ टक्के राज्य कोटा मात्र आहे तिथेच आहे. इकडे टेक्ससमध्ये, ऑस्टिनसारखं एखादं विद्यापीठ सोडलं तर, परराज्यातल्याला जागा सहसा अडत नाही. फी तेवढी दुप्पट-तिप्पट घेतात. मला हे जास्त सरळ वाटतं. घोळ आहे तो सवलतींत.

इथल्या कायद्यानुसार वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ रहिवाशाचा दर लावू शकतं. पुण्याहून एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यालाही. हजार डॉलरच्या जोरावर कित्येक हजार वाचतात! पण ९०० डॉलर मिळाले तर सवलत शून्य. त्या स्पर्धेत टेक्ससचे रहिवासीही हवेत. फक्त परदेशी मुलांसाठी राखलेला निधी चालत नाही. शिवाय आदल्या वर्षीच्या त्याच सत्राच्या पटाच्या ५ टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना ही सवलत देता येत नाही. त्यामुळे शिष्यवृत्ती हातात आणि दर मात्र बाहेरचाच, असंही होऊ शकतं.

खरा खड्डा दुसऱ्या वर्षी येतो. शिष्यवृत्ती एकाच वर्षाची होती किंवा जीपीए (गुणांची सरासरी) घसरला, की हजार डॉलर जातात आणि त्यांच्यामागोमाग दरही. दोन वर्षांच्या कोर्ससाठी पहिल्या वर्षाची फी गुणिले दोन करून कर्ज काढणारे इथेच अडकतात. ऑफर लेटरमध्ये 'रिन्यूएबल' (पुढच्या वर्षीही मिळणारी) शब्द आहे का, कितव्या जीपीएपर्यंत, हे कर्जाच्या अर्जाआधी बघावं.

पश्चिमेकडच्या राज्यांत 'वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज' ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची सवलत योजना आहे. त्यात सहभागी राज्यांतून आलेल्यांना रहिवाशाच्या दराच्या फार तर दीडपट आकारतात: रहिवाशाला १०,००० असतील तर १५,०००. कॅलिफोर्निया किंवा वॉशिंग्टनमधल्या मराठी घरांना ती उपयोगी आहे, टेक्ससच्यांना नाही. प्रत्येक कॉलेज आणि प्रत्येक शाखा त्यात नसते, हेही तपासावं.

आता ताजा बदल. शाळा टेक्ससमध्येच झालेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना २००१ पासून रहिवाशाचा दर मिळत होता. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं ४ जून २०२५ ला दावा लावला, राज्यानं त्याच दिवशी मान्य केला आणि सवलत थांबली. दोन्ही बाजू एकाच बाजूला असलेला हा खटला मला तरी पटत नाही. डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोतल्या एच-४ मुलांना (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्यांना) तो लागू नाही, कारण ती कायदेशीर व्हिसावर आहेत.

त्यांची अडचण वेगळी, एकविसाव्या वाढदिवसाची. एच-४ संपून मूल एफ-१ वर गेलं की आईवडिलांच्या अधिवासाचा आधार सुटतो. आपल्याकडे महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरणाची कटकट असते, पैसेही उशिरा येतात. पण 'टाइप ए'चा मुलगा तिसऱ्या वर्षी बाहेरचा ठरत नाही. टेक्ससमध्ये एकविसाव्या वर्षाच्या त्या अडचणीवर एक उपाय आहे. रहिवासाचा फॉर्म भरताना आईवडिलांच्या अधिवासाऐवजी शाळेचा मार्ग निवडायचा: टेक्ससच्या हायस्कूलमधून पदवी, त्याआधी सलग ३६ महिने राज्यात वास्तव्य, आणि सेन्सस डेटच्या (पटाची नोंद होते तो दिवस), म्हणजे नेहमीच्या सत्रात वर्गाच्या बाराव्या दिवसाच्या, आधीचे १२ महिनेही इथेच. नववी-दहावीच्या ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रकं) आणि घरभाड्याचे करार म्हणूनच टाकून देऊ नयेत.