मार्केटला सगळं आधीच माहीत असतं

गिफ्ट निफ्टी, म्हणजे आपल्या निफ्टी निर्देशांकाचा वायदा, रात्री पावणेतीनला बंद होतो आणि सकाळी साडेसहाला परत उघडतो. मधले जे पावणेचार तास आहेत ना, तेवढीच आमच्या शेअर बाजाराच्या धंद्यातल्या माणसाची अधिकृत झोप. बाकी वेळ जगात कुठेतरी काहीतरी चालू असतं आणि ते आपल्याला माहीत असायलाच हवं अशी सगळ्यांची अपेक्षा. आधी हा प्रकार सिंगापूरला चालायचा, एसजीएक्स निफ्टी म्हणायचे, 2023 च्या जुलैत तो गांधीनगरजवळ गिफ्ट सिटीत आला, म्हटलं चला, आता घरी आलाय तर जरा वेळेवर झोपेल. कसलं काय.

मी डोंबिवलीहून बीकेसीला जातो, म्हणजे कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे शेअर रिक्षा. लोकलमध्ये एक हात वर कडीला आणि दुसऱ्या हातात फोन, त्यात अमेरिकन बाजाराचे डाऊ नि नॅस्डॅक, ब्रेंट तेलाचा भाव, डॉलर, अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचं यील्ड म्हणजे परतावा, आणि ब्रोकर लोकांच्या सकाळच्या नोट्स, ज्या सगळ्यांत तेच लिहिलेलं असतं फक्त ग्राफचा रंग वेगळा. मागचा माणूस खांद्यावरून वाचत असतोच. परवा एकाने चक्क सांगितलं, "साहेब जरा थांबा ना, वर घ्या, टार्गेट बघायचं राहिलं." घेतलं वर. काय करणार, ठाण्यापर्यंत त्याचं कोपर माझ्या बरगडीत होतं.

ऑफिसात पावणेनऊला मीटिंग. तिथे आम्ही सगळे आळीपाळीने एकमेकांना तेच सांगतो जे सगळ्यांनी गाडीत वाचलेलं असतं, आणि सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारख्या माना डोलावतात. मग साहेब हळूच विचारतात, "ते तैवानचं बघितलंस का?" तैवानचं काय ते मला माहीत नसतं, शेजारच्याला माहीत नसतं, मला तर दाट शंका आहे की साहेबांनाही नसतं. पण "नाही" म्हणायचं नसतं. योग्य उत्तर आहे "हो सर, ट्रॅक करतोय." या चार शब्दांवर लोक व्हाइस प्रेसिडेंट झालेत, आणि आमच्याकडे व्हाइस प्रेसिडेंट किती असतात ते विचारू नका, प्रेसिडेंट कोण ते मात्र कुणाला माहीत नसतं.

वर्षातून आठ वेळा फेडची, म्हणजे व्याजदर ठरवणाऱ्या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, रात्र असते. पत्रक आपल्याकडे साडेअकराला येतं, आणि थंडीत अमेरिकेतली घड्याळं मागे जातात म्हणून साडेबाराला. रिझर्व्ह बँक कशी सभ्य, पॉलिसी सकाळी दहाला, चहाबिहा पिऊन झाल्यावर. फेडला आपल्या झोपेचं काही पडलेलं नाही. बायको झोपलेली, मी ब्राइटनेस कमी करून कानात इअरफोन घालून वाट बघतोय. पत्रक आलं रे आलं की पंधरा ग्रुपवर पंधरा जण ते मागच्या पत्रकाशेजारी ठेवून कुठला शब्द गळाला, कुठला आला ते लाल रंगात काढून पाठवतात, एक म्हणतो हॉकिश (व्याजदराबाबत कडक), दुसरा म्हणतो डोविश (नरम), आणि अर्ध्या तासाने चेअरमन पत्रकार परिषदेत जे बोलतात त्याचा अर्थ दोघांनाही आपल्याच बाजूचा वाटतो. बायको कूस बदलून म्हणते, "किती कमी केलं?" मी म्हणतो, पाव टक्का. ती म्हणते, "मग आपला हप्ता?" त्याचा याच्याशी संबंध नाही म्हटलं की, "मग झोप की."

आणि एवढं जागून सकाळी मार्केट उघडल्यावर काय होतं? काहीच नाही. म्हणे डिस्काउंटेड होतं, म्हणजे भावात आधीच धरलेलं होतं. हे मला कधी पचलेलं नाही. आमच्या जुन्या चाळीत एक काकू होत्या, कुणाचं लग्न ठरू दे, मोडू दे, त्या म्हणायच्या "मला माहीतच होतं", मार्केट म्हणजे अगदी त्या काकू. बातमी कळली तर उपयोग नाही कारण मार्केटला आधीच माहीत होती, आणि नाही कळली तर "एवढं साधं माहीत नाही?"

त्यात निकालांचा सीझन. डिसेंबर तिमाहीचे निकाल द्यायला कंपन्यांना 45 दिवस असतात, म्हणजे शेवटची तारीख येते 14 फेब्रुवारी. हो, तोच 14 फेब्रुवारी. ज्यांचं बरं चाललंय त्या जानेवारीतच सांगून मोकळ्या होतात, ज्यांना तोंड दाखवायची लाज वाटते त्या सगळ्या शेवटच्या दिवसाची वाट बघतात, काही तर रात्री अकराला फाइल अपलोड करतात. बायकोबरोबर जेवायला गेलो तेव्हा माझ्या एका कानात कॉन्कॉल, म्हणजे निकालांवर कंपनीला प्रश्न विचारायचा सामूहिक फोन, चालू होता. कंपनीचा नफा निम्म्यावर आलाय आणि पहिला प्रश्न विचारणारा म्हणतोय, "काँग्रॅच्युलेशन्स ऑन अ गुड सेट ऑफ नंबर्स." ही आमच्याकडची पद्धत आहे, तेराव्याला गेलो तरी आम्ही आधी अभिनंदनच करू. प्रत्येकाला दोनच प्रश्न अलाउड, म्हणून पठ्ठ्या पहिल्याच प्रश्नात पाच पोटप्रश्न घालतो, ऑपरेटर बाई म्हणतात प्लीज रिजॉइन द क्यू, मॅनेजमेंट म्हणतं आम्ही कॉशसली ऑप्टिमिस्टिक आहोत, आणि कुणीतरी म्यूट करायला विसरलेला असतो त्याच्या घरी कुकरची तिसरी शिट्टी होते. पूर्ण कॉलमध्ये ठोस माहिती म्हणाल तर ती शिट्टी. बायकोने विचारलं, "सूप कसंय?" मी म्हटलं, मार्जिन प्रेशरमध्ये आहे.

कनेक्टेड राहायचं ते वेगळंच. फाइव्ह स्टारमध्ये कॉन्फरन्स, गळ्यात पट्टा, "बसूया एकदा निवांत" असं मी ज्यांना वर्षानुवर्षं सांगतोय त्यांच्याबरोबर अजून एकदाही बसलेलो नाही, पण लिंक्डइनवर आम्ही एकमेकांच्या वर्क अ‍ॅनिव्हर्सरीला न चुकता अंगठा देतो.

खरी परीक्षा नातेवाइकांत. मावसभावाच्या लग्नात मामांनी पंगतीत गाठलं, "काय रे, सोनं कुठे जाणार?" मी सगळं सांगितलं, डॉलर, व्याजदर, सेंट्रल बँकांची खरेदी, युद्धाचं टेन्शन, वरही जाऊ शकतं आणि थोडं करेक्शनही येऊ शकतं. मामांनी शांतपणे ऐकलं, मठ्ठ्याचा घोट घेतला आणि पलीकडे बसलेल्या मामींना म्हणाले, "याला माहीत नाहीये. तू उद्या बांगड्या घेऊन टाक."